शेवटच्या माणसाचं ऊन

लोकांच्या घरात सकाळचं ऊन शिरू नये याची सोय करण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता. पडदे शिवायचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन इमारतींच्या मधल्या बोळातली एक लांबट खोली, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे, मधोमध कापायचं मोठं टेबल आणि दाराशी पायमशीन. गिऱ्हाइकं येत आणि तक्रार करत, "पूर्वेची खिडकी आहे हो, सकाळी सकाळी डोळ्यांवर येतं." की ती दुहेरी अस्तर लावून द्यायची. अशा बाईने पंचावन्नाव्या वर्षी सूर्योदय बघायला रात्रभर डोंगर चढायचा म्हटल्यावर शेजारचा कुलूपवाला हसणारच. "काकू, ऊनच पाहिजे तर पडदा बाजूला करा की!" एरवी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं. या वेळी ती नुसतं "जायचंय" म्हणाली, आणि तो ओशाळून आपल्या किल्ल्या घासायला लागला. तिला कशासाठी जायचंय ते सगळ्या बोळाला ठाऊक होतं.

त्या डोंगरावर तिचा मुलगा जायचा. एकुलता एक. दातांचे डॉक्टर होते एक, ते म्होरके. त्यांच्यामागे दहा-बाराजणांची टोळी. रात्री पायथ्यापासून निघायचं, उजाडायच्या आत माथा गाठायचा, सूर्य उगवताना पाहायचा आणि दुपारपर्यंत घरी. मुलगा आधी घरी न जाता सरळ दुकानात यायचा. धुळीने भरलेल्या बुटांसकट कापायच्या टेबलावर चढून बसायचा, ती ओरडायची, आणि तो म्हणायचा, "आई, आज कसा होता सांगू?"

मग सांगायचा, तेही तिला कळेल अशा भाषेत. "आधी खाली नुसती एक किनार. तू त्या राखी पडद्यांना गुलाबी गोट लावला होतास ना, तेवढीच. मग ती उसवत गेली. मग आतून ते नारिंगी अस्तर दिसायला लागलं, सॅटिनचं. आणि मग एकदम, आई, कुणीतरी दोरी ओढावी तसं सगळं लख्ख!" ती मशीन मारत "हं, हं" करायची. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. मशीन थांबवून, हात मांडीवर ठेवून तिने एकदाही ऐकलं नाही. आता तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

टोळीत त्याला "शेपूट" म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचं डोकंच फिरलं होतं. "एवढं हौसेने नाव ठेवलं आम्ही, आणि शेपूट काय शेपूट?" तो हसत सुटला होता. "अगं, मी सगळ्यांच्या मागे चालतो म्हणून. कुणीतरी मागे लागतंच ना." तिने तेवढं ऐकलं आणि सोडून दिलं.

साध्या तापाचं निमित्त झालं. ताप डोक्यात गेला आणि आठवडा उलटायच्या आत होत्याचं नव्हतं झालं. इस्पितळात, मध्येच थोडा शुद्धीवर असताना तो म्हणाला होता, "बरा झालो की एकदा तूच चल. सांगून सांगून दमलो मी." ती म्हणाली होती, "माझ्याने कुठे चढवतंय रे."

वर्ष व्हायला आलं तेव्हा तिने टोळीच्या डॉक्टरांना फोन केला. त्याने जे पाहिलं ते आपल्या डोळ्यांनी एकदा पाहायचं, एवढंच तिला हवं होतं. मागण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

नवरा लिफ्टच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांना वरच्या मजल्यांवर पोचवलं आणि त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांनी मात्र हात टेकले. मुलगा गेल्यापासून त्याचं बोलणं पाणी दे, दार लाव, एवढ्यावर आलं होतं. त्या संध्याकाळी तिने मुलाचीच सॅक पाठीवर घेतली तसा तो दारापर्यंत आला. "जपून जा." आणि मग, बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करून, "आलीस की सांग. कसा असतो ते." मुलाला त्याने हे कधी विचारलं नव्हतं. रात्री जेवताना मुलगा तेच वर्णन पुन्हा तिला सांगायचा, तेव्हा हा आतल्या खोलीत रेडिओ खोलून बसलेला असायचा. पण स्क्रू फिरवल्याचा आवाज मध्येच थांबायचा, हे तिला ठाऊक होतं.

बसमध्ये तिच्या शेजारी एक हिशेबनीस येऊन बसले. नवे होते, पहिलीच खेप. पोट त्यांच्या आधी सीटवर बसलं असं म्हणायला हरकत नाही. "आमच्या घरच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," ते म्हणाले. "मला वाटलं, उगाच बागेत फेऱ्या कशाला, एकदम डोंगरच धरू." तिला वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. त्यांनी बिस्किटांचा अख्खा पुडा तिच्या हातात ठेवला. तिने सांगितलं, "वरच्या थांब्यावर चहा माझ्याकडून. थर्मास भरून आणलाय."

पायथ्याशी टोळीने तिला गराडा घातला. प्रत्येकाला तिची सॅक घ्यायची होती. तिने कुणाला दिली नाही. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्ही माझ्या मागे, अगदी पुढे चालायचं. आज तुमचा सूर्य चुकू द्यायचा नाही, असं ठरलंय आमचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी माया अंगावर यायला लागली की तिला एकटं राहावंसं वाटायला लागलं.

वाट एकच होती, डोंगराला वळसा घालत पश्चिमेच्या अंगाने चढत जाणारी. झाडी संपली, मग नुसता दगड आणि सुकं गवत. बॅटऱ्यांचे उजेड पायांपुरते. पायमशीनवर कमावलेले तिचे पाय तिच्याही अपेक्षेपेक्षा चांगले चालत होते. पहिल्या थांब्यावर डॉक्टर वळले आणि अंधारात मोठ्याने म्हणाले, "शेवट?"

आणि सगळे एकदम म्हणाले, "आहे!"

ती दचकली. तिच्या मागे अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता, मुलाचा जिवलग मित्र. त्याने हळूच सांगितलं. टोळीची ही जुनी रीत. प्रत्येक थांब्यावर डॉक्टर "शेवट?" विचारायचे आणि सगळ्यात मागून शेपूट ओरडायचा, "आहे!" त्याचा आवाज आला की समजायचं, मागे एकटं कुणी सुटलेलं नाही. मग पुढे निघायचं. "तो गेल्यावर पहिल्यांदा आलो ना, काकू, तेव्हा डॉक्टरांनी सवयीने विचारलं. आणि कुणीच बोलेना. ती शांतता काही केल्या सहन होईना. मग कुणीतरी म्हणालं, आहे. मग सगळेच म्हणाले. तेव्हापासून आम्ही सगळे मिळून म्हणतो. त्याच्या वाटचं."

परक्या लोकांनी आपल्या मुलाची जागा अशी राखून ठेवावी, याहून आईला काय हवं? पुढच्या थांब्यावर तीही त्यांच्यात मिसळून म्हणाली, "आहे." त्या रात्री त्यांच्यातल्या एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मनापासून केलेली गोष्ट माणूस तपासून पाहत नाही, हेच खरं.

शेवटचा थांबा लोखंडी शिडीच्या खाली होता. शिडी चढली की माथा. आभाळ अजून काळंच, पण काळ्याचा दाटपणा कमी व्हायला लागलेला. "अगदी वेळेत आहोत," डॉक्टर म्हणाले. "शेवट?" "आहे!" सगळे म्हणाले, तीही म्हणाली, आणि सॅक उतरवून थर्मास काढला. झाकणात चहा ओतला. हिशेबनीसांना शोधत ती रांगेच्या टोकापर्यंत गेली, तिथून परत आली. चहा हातात तसाच.

"हिशेबनीस कुठे आहेत?"

एकाने म्हटलं, मागे असतील. मागे असलेला म्हणाला, मला वाटलं पुढे गेले. बॅटऱ्या सगळीकडे फिरल्या. कुणी त्यांच्या नावाने हाका मारल्या. खालून काही आलं नाही, वरून खाली जाणारा वारा तेवढा घोंघावत होता.

डॉक्टरांनी बॅटरी एकेकाच्या तोंडावरून फिरवली. "पण आत्ताच तर..." ते म्हणाले आणि थांबले. आत्ताच तर सगळ्यांनी सांगितलं होतं, शेवट आहे म्हणून. सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं आणि मागे कुणीच नव्हतं. हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं.

"मी जातो खाली," डॉक्टर म्हणाले.

"मग यांना शिडी कोण चढवणार?" ती म्हणाली. टोळीत आणखी दोघं-तिघं नवखी होती, आणि शिडीच्या बाजूला सरळ दरी होती. "तुम्ही यांना घेऊन वर जा. मी जाते."

"काकू, अहो, आज तुम्ही..."

"त्या माणसाला मी चहा कबूल केलाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलतानाचा तो सूर होता, ज्याच्यापुढे कुणाची घासाघीस चालत नसे. ड्रायव्हर तिच्याबरोबर निघाला.

पण म्हणून तिला सोपं गेलं असं कुणी समजू नये. वर्षभर याच एका गोष्टीवर ती उभी होती, आणि शिडीच्या पायाशी येऊन ती पाठ फिरवून चालली होती. दर वळणावर ती आभाळाकडे बघत होती. "जरा पाय उचल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "चटकन सापडले तर अजून पोचू आपण. तो कसा पोचायचा वेळेवर? तोही मागेच असायचा ना?"

ड्रायव्हर वाटेवर बॅटरी धरून उतरत राहिला.

"अरे, विचारतेय मी."

"तो नाही पोचायचा, काकू."

ती थांबली. "म्हणजे?"

"दर खेपेला कुणी ना कुणी मागे पडायचंच. कुणाचा पाय मुरगळायचा, कुणाला दम लागायचा, कुणी भ्यायचं. तो त्याच्याजवळ थांबायचा आणि आम्हाला खालूनच ओरडायचा, आहे, तुम्ही व्हा पुढे. तो वर यायचा तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असायचं, आम्ही डबे उघडून बसलेले असायचो." त्याने बॅटरी खाली धरली होती, तिच्या तोंडावर उजेड पडू नये म्हणून. "इतकी वर्षं आला, पण उगवताना त्याने एकदाही नाही पाहिला."

"खोटं बोलतोस तू," ती म्हणाली. "मला तो सगळं सांगायचा. किनार, अस्तर, दोरी ओढल्यासारखं..."

"हो. परत येताना बसमध्ये तो एकेकाच्या शेजारी जाऊन बसायचा. आज कसा होता, आधी कुठला रंग आला, मग काय झालं. आम्ही वैतागायचो, झोपा आलेल्या असायच्या. सोडायचा नाही. नीट सांगा रे, म्हणायचा. आईला सांगायचंय."

ती तिथेच दगडावर बसली. रडू आलं ते तिने आवरलं नाही, आवरायचं त्राणही नव्हतं. मशीन न थांबवता ऐकलेलं एकेक वाक्य तिला आठवत होतं. ते पोरगं थकून भागून, झोपलेल्या माणसांना उठवून तिच्यासाठी सूर्य गोळा करून आणत होतं, आणि ती "हं, हं" म्हणत होती. ड्रायव्हर बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात खालून कुणीतरी खोकलं.

हिशेबनीस पुढच्याच वळणावर एका कपारीला अंग टेकवून बसले होते. पोटरीत गोळा आलेला, बॅटरी विझलेली, अंग थंडीने लटलटत होतं. त्यांना बघून तिने आधी थर्मास उघडला. त्यांच्या हातात झाकण धरवेना, तेव्हा तिने ते त्यांच्या ओठांना लावलं. ड्रायव्हर खाली बसून त्यांची पोटरी चोळायला लागला.

"मी हाका मारल्या," हिशेबनीस म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. "खूप मारल्या. वारा उलटा होता. मग वरून तुम्हा सगळ्यांचा आवाज आला. आहे, असं. मला वाटलं, चला, माझी मोजदाद झाली. आता कोण येतंय."

आपणही त्या आवाजात होतो, हे तिला आठवलं. तिने मुलाच्या सॅकमधून त्याची शाल काढली, वर्षभर तिने ती धुतली नव्हती, आणि हिशेबनीसांच्या खांद्यांभोवती घट्ट गुंडाळली.

"थोडं बसू," ड्रायव्हर म्हणाला. "लगेच उठवलं तर परत गोळा येईल."

मग ते तिघं बसले. डोंगराचं हे अंग पश्चिमेचं. सूर्य इथून दिसणं शक्यच नव्हतं. तो त्यांच्या पाठीमागे, सगळा डोंगर ओलांडून पलीकडे होता. समोर दरी आणि दरीपलीकडे दुसऱ्या डोंगराची लांबलचक धार, अजून निळसर काळी. तिकडे कुणी कशाला बघेल? पण बघायला दुसरं काही नव्हतंच.

वर माथ्यावरून ओरडण्याचा आवाज आला. टोळीला सूर्य दिसला होता. तिने डोळे मिटून घेतले.

"काकू," ड्रायव्हर म्हणाला. "समोर बघा."

समोरच्या धारेच्या अगदी माथ्यावर उजेडाची एक बारीक रेघ उमटली होती. ती बघता बघता रुंद झाली आणि खाली उतरायला लागली. झाड न् झाड, कडा न् कडा उजळत, अगदी सावकाश. त्या उतारावर यांच्या डोंगराची सावली पडली होती आणि ती सावली तसूतसूने मागे सरकत होती. कुठलीही घाई नव्हती. ऊन दरीत उतरलं, एका ओढ्यापर्यंत आलं, क्षणभर पाणी चमकलं आणि ऊन इकडच्या चढावर चढायला लागलं. हिशेबनीसही थरथरायचे थांबून बघत होते.

"तो थांबायचा ते साधारण इथेच," ड्रायव्हर म्हणाला. "चढ इथेच अंगावर येतो ना. बहुतेकजण इथेच बसतात."

म्हणजे त्याने पाहिलं ते हे. दर खेपेला, कुणा दमलेल्या अनोळखी माणसाशेजारी बसून, त्याने हे पाहिलं होतं आणि याबद्दल घरी अवाक्षर काढलं नव्हतं. का, ते तिला आता विचारता येणार नव्हतं. कदाचित त्याला हे सांगण्यासारखं वाटलंच नसेल. कदाचित एवढं एक त्याने स्वतःसाठी ठेवलं असेल. ती हात मांडीवर ठेवून, जराही न हलता, ऊन पायांपर्यंत येईपर्यंत बघत राहिली.

मग त्यांनी हिशेबनीसांना दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं. शिडीच्या वरच्या टोकाशी डॉक्टर उभे होते. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, मग हळू आवाजात विचारलं, "शेवट?"

टोळीतलं कुणी काही बोललं नाही. सगळे खाली मान घालून उभे होते. हिशेबनीस वर चढले, त्यांच्यामागे ड्रायव्हर चढला. मग शिडीवरून तिने सांगितलं, "आहे."

कुणी डबे उघडले नव्हते. डॉक्टर तिची माफी मागायला लागले, तिने त्यांना हातानेच थांबवलं. बसमध्ये ती सगळ्यात आधी त्यांच्याच शेजारी जाऊन बसली. "कसा होता, सांगा. आधी कुठला रंग आला?" मग दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. या वेळी कुणी वैतागलं नाही. एकजण मधेच रडायला लागला, तरी तिने त्याला सोडलं नाही. "नीट सांग रे," ती म्हणाली. "मला घरी सांगायचंय."

घरी पोचली तेव्हा नवरा आतल्या खोलीत नव्हता. बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून बसला होता. रेडिओ टेबलावर बंद. तिने बूट काढले, पाणी प्यायली, त्याच्यासमोर बसली.

"दिसला?" त्याने विचारलं.

येताना वाटेत तिने खूप विचार केला होता. पण त्याचा चेहरा बघितला आणि विचार करण्यासारखं काही राहिलं नाही.

"दिसला," ती म्हणाली. "आधी खाली नुसती एक किनार आली. गुलाबी गोट लावतात ना, तेवढीच. मग ती उसवत गेली. मग आतून नारिंगी..."

"सॅटिनचं," तो म्हणाला.

"हो. सॅटिनचं अस्तर. आणि मग कुणीतरी दोरी ओढावी तसं एकदम..."

"लख्ख," तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांच्या आडूनच म्हणाला, "अगदी तो सांगायचा तसाच."

"तसाच असतो," ती म्हणाली.

त्याने डोळे पुसले, चष्मा घातला आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "परत जाशील?"

"जाईन. आता मागे कुणीतरी चालायला हवं त्यांना. मी चालेन म्हणून सांगितलंय."

"चाल की. पण वेळेवर वर पोच," तो म्हणाला. "चुकवू नकोस."

"नाही चुकवणार," ती म्हणाली आणि त्याला जेवायला वाढायला उठली.